गार झालेली हलगी
कपाशीच्या पऱ्हाट्या पेटल्याचा वास आला की कुंभार पिंपळगावच्या शाळेमागची ती दमट दुपार आठवते. बहात्तरच्या दुष्काळानंतरचा पावसाळा होता. आम्ही पोरांनी गावातल्या हलगीवाल्या म्हातारबांचा सत्कार ठरवला होता आणि त्यांची लेक पहिल्यांदाच चारचौघांत वाजवणार होती. बापलेकींनी पऱ्हाट्यांच्या जाळावर शेकून हलगीचं कातडं टणक केलं. "जल्दी बोलवा, भाऊ. गार झाली की ही बोलत न्हाई," म्हातारबा म्हणाले. मी हो म्हणालो, माइक घेतला आणि कलावंतांच्या शोषणावर तासभर बोललो. टाळ्या पडत गेल्या, तसा थांबलोच नाही. मग म्हातारबांना शाल घातली, लेकीनं हलगीवर काडी मारली, तर नुसता डबडब आवाज. लोक हसले. "पुन्हा शेकून आणू का?" तिनं विचारलं. "वेळ संपला," मी म्हणालो. हलगी पदराखाली झाकून ती उतरली. "भाषण मातर बराबर तापलं, भाऊ," म्हातारबा म्हणाले. त्यानंतर ती कधी वाजवताना दिसली नाही. ते भाषण आम्ही पत्रक म्हणून छापलं होतं. आज काढून वाचलं. शेवटची ओळ आहे : नव्या कलावंतांना संधी मिळालीच पाहिजे.