बिनधुराची शेकोटी

पुण्याहून सुनेनं पाठवलेलं खोकं बिभीषणआबांनी उघडलं आणि वरची पिशवी हातात घेऊन ते बराच वेळ बघत राहिले. पिशवीत बोटाच्या पेराहून लहान, तपकिरी, गुळगुळीत कांड्या होत्या. आबांनी एक नाकाशी धरली, दाताखाली घालून बघितली आणि सरळ पुण्याला फोन लावला.

"उत्कर्षा, अगं गोळी पेंड कशाला पाठवलीस? हितं दुसऱ्या मजल्यावर म्हैस बांधू का काय मी?"

"आबा, खाल्ली नाही ना?"

"चाखली. म्हशीलाबी न्हाय आवडायची."

उत्कर्षाला हसू आवरेना. "जळण आहे ते, आबा. लाकडाचा भुसा दाबून गोळ्या केल्यात. खाली स्टीलचा डबा आहे बघा, ती शेकोटी. टेबलावर ठेवायची. पण गॅलरीतच हां, घरात अजिबात पेटवायची नाही. गोळ्या वरच्या भोकांच्या खाली राहतील एवढ्याच भरायच्या, वरून पेटवायच्या आणि फुंकायचं नाही. धूर होत नाही तिचा."

"धूर न्हाय होत? मग शेकोटी कसली ती?"

"मागच्या थंडीत तुम्हीच म्हणालात की, शेकोटीपुढं बसल्याशिवाय हिवाळा आल्यासारखा वाटत नाही म्हणून."

म्हणाले होते खरे. पोरगी लक्षात ठेवते. दिग्विजयचा, म्हणजे मुलाचा, फोन रविवारी यायचा आणि औषधं घेतली का एवढ्यावर संपायचा. आबांनी डबा पुसला, गॅलरीतल्या लहान टेबलावर ठेवला आणि संध्याकाळची वाट बघत बसले.

आबांचा उभा जन्म रेल्वेच्या फाटकावर गेला. कुर्डुवाडीजवळ, उसाच्या पट्ट्यातून जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं फाटक होतं. शेजारच्या स्टेशनातून फोन यायचा, "गाडी सुटली." आबा हँडल फिरवून फाटक पाडायचे आणि सांगायचे, "पडलं." गाडी डोळ्यांदेखत निघून गेली की पुन्हा फोनवर, "गेली." रेल्वेशी त्यांचं बोलणं एवढंच. बाकीचं सगळं बोलणं फाटकाशी अडकलेल्या माणसांशी.

थंडीत खोलीपुढं फुटक्या घमेल्यात त्यांची शेकोटी असायची. बाभळीची ढलपी, तुराट्या, उसाचं पाचट. फाटक पडलं की उसाचे ट्रॅक्टर थांबायचे, दुधाच्या किटल्या अडकवलेल्या फटफट्या थांबायच्या, आणि माणसं आधी शिव्या घालायची.

"ओ गेटमन, गाडी काय सासरी मुक्कामाला राह्यली का?"

"येती की! तुमच्यावानी न्हाय ती, सिग्नल बघून येती."

मग कुणीतरी घमेल्याशी येऊन तळवे पुढं करायचं. त्याच्या मागं दुसरा. एका ट्रॅक्टरवाल्याच्या पोरीची सोयरीक तर त्या घमेल्यापाशीच जुळली. मुलाचा चुलता मागच्या जीपमध्ये अडकला होता. लग्नात आबांना मानाचा फेटा बांधला, तो त्यांच्या बायकोनं, मथुराबाईंनी, पुढं कितीतरी वर्षं ट्रंकेत जपून ठेवला होता. गाडी गेली, फाटक उघडलं तरी एखादा उठायचा नाही. मागचे हॉर्न वाजवायचे, तेव्हा कुठं धोतर झटकत उभा राहायचा.

त्या शेकोटीला आबांनी कधी कुणाला बोलावलं नाही. तशी वेळच आली नाही. फाटक माणसं थांबवायचं आणि धूर त्यांना खोलीकडं आणायचा.

आबा निवृत्त झाले, पाठोपाठ रुळांखालून रस्ता झाला आणि फाटक गेलं. जुळे सोलापूर या वस्तीत हा फ्लॅट घेतला. मथुराबाई होत्या तोवर दार सताड उघडं असायचं. निवडायची मेथी घेऊन त्या उंबऱ्यातच बसायच्या आणि जिन्यातून जाणाऱ्या माणसाला चार गोष्टी विचारल्याशिवाय पुढं सोडायच्या नाहीत. त्या गेल्या आणि आबांना दार उघडं ठेवून काय करायचं ते कळेना. जिन्यात भेटणारे लोक वाईट नव्हते. "जेवण झालं का काका?" असं विचारायचे. पण उत्तर ओठांवर यायच्या आत त्यांच्या चपलांचा आवाज खालच्या मजल्यावर पोचलेला असायचा.

त्या पहिल्या संध्याकाळी आबांनी आतून दुसरी खुर्चीही गॅलरीत आणून ठेवली. सांगितल्याप्रमाणे गोळ्या भरल्या, वर देवघरातला कापूर ठेवून काडी लावली. थोडा वेळ धुराचा एक बारीक दोरा वर गेला. मग तोही तुटला. डब्याच्या आतल्या कडेला भोकांची रांग होती. त्या प्रत्येक भोकापाशी एकेक ज्योत उगवली आणि सगळ्या मिळून आत वळून, मध्ये एकत्र येऊन वर उठल्या. आबा थक्क झाले. एवढी देखणी आग त्यांनी पाहिली नव्हती. डोळे चुरचुरत नव्हते, ठसका लागत नव्हता, तडतड नाही, ठिणगी नाही. डब्याच्या वरची हवा तेवढी थरथरत होती.

खाली माणसं गाड्या लावून वर येत होती. वरच्या मजल्यावरच्या गॅलरीत चंद्रिका वाळलेले कपडे काढत होती. बँकेतून आली की ती रोज याच वेळी कपडे काढते, हे आबांना चिमट्यांच्या आवाजावरून माहीत होतं. कपड्यांना धुराचा वास लागला असता तर तिनं खाली वाकून बघितलं असतं. तिनं बादली उचलली आणि दार लावून घेतलं.

तळवे शेकून झाले. पाठ फिरवून शेकून झाली. आबांनी दुसरी खुर्ची जराशी आगीजवळ सरकवली, मग पुन्हा होती तिथं ठेवली. आणि मनासारखी ऊब अंगात मुरायच्या आत आग बसली. तळाशी चिमूटभर पांढरी राख राहिली.

फार लवकर विझते, हे काही आबांना पटलं नाही. फाटकावर शेकोटी टिकवायची त्यांची एक रीत होती. बुडाशी एखादं ओलं लाकूड घालायचं, म्हणजे वरचं सुकं दमानं जळतं आणि पुढच्या गाडीपर्यंत विस्तव राहतो. हाताला सवयच ती. दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी तांब्यातलं पाणी गोळ्यांवर शिंपडलं, बोटांनी कालवलं, वर मूठभर सुक्या टाकल्या आणि कापूर लावला.

वरच्या सुक्या गोळ्या जळेपर्यंत सगळं नीट चाललं. खालच्या मात्र तोवर फुगून फुटल्या होत्या, त्यांचा पुन्हा ओला भुसा झाला होता. त्यातून पिवळट, जाड धूर उठला. आबांनी सवयीनं खाली वाकून फुंकर घातली, तशी गॅलरी दिसेनाशी झाली. धूर छताला लागून वळला आणि वरच्या मजल्याकडं निघाला.

बेल वाजली. मथुराबाईंच्या पाठीमागं ती बेल सिलिंडरवाल्याखेरीज कुणी वाजवली नव्हती.

दारात चंद्रिका होती, नाकाला पदर लावून, आणि तिच्या मागं सोसायटीचे चेअरमन राजशेखर.

"काका, काय पेटवलंय ओ? अख्ख्या घरात धूर झालाय आमच्या!"

"इंजिन आणलंय का काय घरी?" राजशेखर गॅलरीकडं धावले. "कोळशाचं? आँ? रेल्वेनं भेट दिलं का?"

त्यांनीच डब्यावर परात पालथी घातली. धूर कोंडला. आबा मधल्या खोलीत उभे होते आणि त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं की आपल्याला ओशाळल्यासारखं वाटण्याऐवजी बरं का वाटतंय.

"बसा की," ते म्हणाले. "आलाच हाय तर च्या टाकतो."

"चहा नको काका," चंद्रिका म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. "आमच्या सासऱ्यांना दमा आहे. आता रात्रभर उशीला टेकून बसतील बघा. मला उद्या ऑडिट आहे." ती वळली आणि जिना चढून गेली.

राजशेखर मात्र बसले. गॅलरीतल्या दुसऱ्या खुर्चीत, पाय लांब करून. चहाचे घोट घेत त्यांनी पाण्याच्या टाकीचं, पार्किंगचं, मेव्हण्याच्या द्राक्षांचं सांगितलं. आबा ऐकत होते. निघताना राजशेखर म्हणाले, "पण परत धूर करू नका हं काका. नाहीतर डबा मला खाली नेऊन ठेवावा लागेल. लोक शेवटी माझ्याच नावानं ओरडतात."

त्या दिवशी आबांनी दोन कप धुतले. दुसरा कप त्यांनी जरा जास्तच वेळ धुतला.

पुढच्या संध्याकाळी त्यांनी शेकोटी सुकीच पेटवली. कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या संध्याकाळीही नाही. जिन्यात राजशेखर भेटले, "काय काका, इंजिन बंद का?" म्हणून हसले आणि स्कूटरला किक मारून गेले. आबांना वाटलं होतं, ते थांबतील.

मग एके दिवशी, दिवेलागणीला, आबांनी वाटीत मूठभर गोळ्या घेतल्या आणि त्यावर पाणी ओतलं. ते काय करत होते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आज हाताच्या सवयीवर ढकलता येण्यासारखं नव्हतं. थोडासाच धूर. बेल वाजण्यापुरता. गोळ्या फुगत होत्या, त्यांना बारीक भेगा पडत होत्या.

वरून खोकल्याचा आवाज आला.

कोरडा, लांबत जाणारा, शेवटी शीळ घालणारा खोकला. आबांच्या लक्षात आलं, हा आवाज आपण रोज ऐकतो. पाण्याचा पंप सुरू होतो, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी होते, तसा हाही बिल्डिंगचाच आवाज म्हणून कान ऐकून सोडून देत होते. त्या आवाजामागं कुणी एक माणूस भिंतीला टेकून बसलेला असेल, हे त्यांच्या मनात आलं नव्हतं. खोकला थांबला. पुन्हा सुरू झाला. आबा वाटी हातात धरून उभे राहिले.

मग त्यांनी वाटीतला ओला भुसा मथुराबाईंच्या सदाफुलीच्या कुंडीत ओतला, सदऱ्याची बटणं लावली आणि जिना चढले.

चंद्रिकाच्या दारासमोर त्यांना सुचेना. काय म्हणायचं असतं? या? बसायला या? कुणाच्या घरी जाऊन हे म्हणायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. पंधरा-वीस पायऱ्या चढल्यानं आलेला दम ओसरेपर्यंत ते थांबले आणि त्यांनी बेल दाबली.

"काका?" चंद्रिकानं दार अर्धंच उघडलं. "काय झालं?"

"काय न्हाय. ते... शेकोटी पेटवणार हाय. सुकी. धूर होत न्हाय तिचा. त्या दिवशी मीच पाणी मारलं होतं, माझी चूक. तर म्हणलं, पाहुण्यांना... तुमच्या सासऱ्यांना, बसायचं असलं तर."

"नको ओ काका. एकदा झाला तेवढा त्रास पुरे."

आत कॉटवर मफलर गुंडाळून एक वाळका म्हातारा बसला होता. कपाळावर भस्माचे पट्टे. हेच चंद्रिकाचे सासरे, सिद्धाराम. ते कानडीत काहीतरी म्हणाले, चंद्रिका कानडीतच "बेडा, मामा, बेडा" म्हणाली. आबांना कानडी कळत नव्हती, पण नको म्हणण्याचा सूर कळला.

"विस्तू म्हणल्यावर धूर आलाच की ओ," सिद्धाराम आता मराठीत त्यांच्याकडं बघून म्हणाले. "आमी मंद्रूपचे. हुरड्याच्या आगटीशी जन्म गेला आमचा. आता सात-आठ वर्सं झाली, आगटीच्या आसपास कुणी फिरकू देत न्हाय."

"ह्याला न्हाय येत धूर. देवाशपथ."

"आन तुमी जळणावर पाणी मारलं?"

"मारलं."

सिद्धाराम हसायला लागले, आणि हसता हसता खोकला आला. चंद्रिकानं दम्याचा पंप त्यांच्या हातात दिला, आबांकडं नजर टाकली. आबा मुकाट्यानं जिना उतरले.

खुर्ची परत आत न्यावी असं त्यांच्या मनात आलं, पण राहू दिली. गोळ्या भोकांच्या खालपर्यंत भरल्या. कापूर ठेवला. धुराचा बारीक दोरा वर निघाला तेव्हा त्यांनी दोन्ही तळव्यांनी तो अडवायचा वेडा प्रयत्न केला. दोरा तुटला. ज्योती भोकांपाशी उगवल्या, आत वळल्या. आबा बसले. समोरची खुर्ची उजेडात लाल दिसत होती.

वरच्या गॅलरीचं दार सरकल्याचा आवाज झाला. चपला फरफटत कठड्यापर्यंत आल्या.

"होगे इल्ला?" वरून आवाज आला. मग त्यांनीच मराठी केलं, "धूर न्हाय व्हय?"

आबा वर बघायला गेले, तर वरच्या गॅलरीचा तळ तेवढा दिसत होता. "न्हाय," ते म्हणाले.

"पेटली हाय का पण?"

"पेटलीय की. चांगली वीतभर ज्वाळा हाय."

"हितनं दिसंना. वासबी येईना." चपला कठड्याशी पुन्हा सरकल्या. मग, "कसली दिसती? आगटीवानी?"

"आगटीवानी न्हाय. गोल फिरती. मधी येऊन वर जाती."

"आयतु, आयतु, बेस झालं," वरचा आवाज समाधानानं म्हणाला. "जवारी कुठं मिळती का ओ तुमच्याकडं, हुरड्याची?"

"आमच्याकडं ऊस. हुरडा तुमच्याकडं."

"आमचा हुरडा म्हंजे..." सिद्धाराम सांगायला लागले. मध्ये दम लागला की थांबायचे. आबा थांबून राहायचे, "हं" म्हणायचे. दोघांच्या मधे सिमेंटची एक लादी होती. चंद्रिकानं आतून एकदा हाक मारली, तिला त्यांनी कानडीत काहीतरी सुनावलं आणि पुन्हा बोलत राहिले.

बोलता बोलता आबांनी डब्यात डोकावलं. ज्योती भोकांपासून सुटल्या होत्या, तळाशी लालसर थर तेवढा उरला होता.

"विझली का ओ?" वरून विचारलं. "विझली असली तर जातो आत. गार वारं सुटलंय."

फाटकावरून गाडी गेली की 'गेली' असंच सांगायचं असतं. आबांनी पिशवीत हात घातला. मूठ भरली, अंगठ्यानं चाचपून बघितली, कोरडी होती. त्यांनी ती अलगद, एकेक गोळी सुटेल अशी, निखाऱ्यांवर सोडली आणि त्या पेट घेईपर्यंत डब्यावरून नजर हलवली नाही.

"न्हाय," ते वर तोंड करून म्हणाले. "हाय अजून. मफलर घट्ट करा आन सांगा पुढं."