अण्णांचं देऊळ आणि माझे बूट

हसणारच असाल, तर तोंडातला चहा आधी गिळून घ्या. मागच्या खेपेला हे ऐकताना आमच्या सिंगापुरातल्या, यिशुनच्या शेजाऱ्यांचा चहा नाकातून बाहेर आला होता! इजिप्तमध्ये जाऊन मी जो पराक्रम केला, तो खरं तर झाकून ठेवायचा. पण माझी बायको सुजाता तो सगळीकडे सांगतेच. मग माझ्याच तोंडून नीट ऐका ना!

तर आमचे सासरे, अण्णा. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. नाईल नदी, फॅरो राजे, त्यांची देवळं, सगळं फळ्यावर खडूने काढून दाखवलं. स्वतः मात्र कधी पाहिलं नाही. आमच्याकडे सिंगापूरला राहायला आले, तेव्हा एकदा जेवताना सहज म्हणाले, "गुडघे धड आहेत तोवर ते वाळवंटातलं देऊळ बघायचं होतं बुवा."

हा माणूस कधी काही मागत नाही हो! सुजाताच्या डोळ्यांत पाणी. मी छाती पुढे काढून म्हणालो, "अण्णा, मी आहे ना!"

मी हे वाक्य म्हटलं की घरात काहीतरी फुटतंच.

सुजाताला हार्बरफ्रंटच्या ऑफिसातून रजा मिळेना. म्हणून अण्णा, मी आणि आमची लेक मैत्री असे तिघं इथूनच निघणाऱ्या एका टूरबरोबर गेलो. निघताना सुजाताने बजावलं, "अण्णांना देऊळ नीट दाखवून आण. बाकी मला काही नको."

"अगं, देऊळच दाखवायचंय ना? त्यात काय चुकणार?"

बसमध्ये अण्णा काचेला नाक लावून बसले होते. गाइड करीमने सांगितलं, देऊळ बंद व्हायला तासच उरलाय, भराभर चला. उतरलो, तर समोर ते देऊळ! मान मोडेल एवढे उंच खांब. अण्णांचे हात आपोआप जोडले गेले. मीही भारावून गेलो, आणि भारावलेल्या अवस्थेत काय केलं? बूट काढले. मोजेसुद्धा!

आता तुम्हीच सांगा, चुकलं का माझं? आम्ही बौद्ध, लहानपणापासून विहारात शिरताना चपला बाहेर. सिंगापुरात तर कुणाच्याही फ्लॅटच्या दाराशी बुटांचा ढीग. देऊळ म्हटल्यावर हात लेसकडे जाणारच की! मी भिंतीशी बूट नीट लावून ठेवले.

मागून टूरमधल्या एक चिनी ऑंटी आल्या. बुटांकडे बघून म्हणाल्या, "मस्ट टेक ऑफ, इज इट?"

"ऑफ कोर्स, ऑंटी! टेंपल!"

ऑंटींनी काढले. त्यांच्या नवऱ्याने काढले. मागच्यांनी तर विचारलंसुद्धा नाही. सिंगापूरचा माणूस रांग दिसली की आधी उभा राहतो, कशाची आहे ते मग विचारतो! बघता बघता आख्ख्या टूरचे बूट भिंतीला लागले. मला तर इतका अभिमान वाटला म्हणून सांगू!

मैत्री तिच्या सिंगापुरी वळणाच्या बोलीत कुजबुजली, "बाबा, बाहेर येणारे सगळे शूज घालूनच आहेत लेह. यू शुअर ऑर नॉट?"

"लोकांना पद्धत नसते, बेटा."

तिने काही बूट काढले नाहीत. अण्णा वाकायला लागले, तेव्हा मीच अडवलं. "गुडघ्यांना त्रास नको. तुम्हाला माफ आहे."

सावलीतून पुढच्या अंगणात पाऊल टाकलं मात्र, आई गं! दगडी फरशी नुसती तव्यासारखी तापलेली. मी एक पाय उचलला, तो टेकवून दुसरा उचलला. माझ्यामागे सगळी टूर तशीच! ऑंटी "आय्यो, आय्यो" करतायत, अंकल ऑंटींच्या खांद्याला धरून उड्या मारतायत. आणि मी सगळ्यांच्या पुढे, तोल सांभाळायला दोन्ही हात आभाळाकडे!

तेवढ्यात शिट्टी फुंकत एक पहारेकरी धावत आला. त्याला लांबून काय दिसलं असेल, विचार करा. अनवाणी माणसांचा जथा गाभाऱ्याकडे तोंड करून नाचतोय, ओरडतोय, आणि पुढे हात वर केलेला महाराज.

"नो सेरेमनी! नो सेरेमनी!"

करीमचा चेहरा पांढरा पडला. तिथे पूजाअर्चा करायला सक्त मनाई आहे म्हणे.

"सेरेमनी नाही हो!" मी इंग्रजीत काकुळतीला आलो.

"मग बूट का काढले?"

"देवाला मान द्यायला!"

"म्हणजे पूजाच!"

"हो... नाही!"

"हू इज लीडर?"

आख्ख्या टूरने एकदमच माझ्याकडे बोट केलं. ऑंटी म्हणाल्या, "हिम लाह! ही से मस्ट!"

झालं. साहेब येईपर्यंत सगळ्यांनी बाहेर बसायचं, असा हुकूम सुटला. बंद व्हायची वेळ तर जवळ येत चाललेली. अण्णा हळूच म्हणाले, "असू द्या, जावईबापू. बाहेरून पाहिलं, पुष्कळ झालं."

तळपाय पोळले त्याचं काही नाही, पण त्या वाक्याने मला अगदी रडू फुटलं. मी पहारेकऱ्यापुढे हात जोडले. "मला हवं तेवढं बसवून ठेवा. पण यांना आत सोडा. यांनी जन्मभर पोरांना हे देऊळ शिकवलंय!"

त्याने अण्णांच्या पायांकडे पाहिलं. बूट. मैत्रीच्या पायांकडे पाहिलं. बूट.

"हे टुरिस्ट आहेत," तो म्हणाला. "यांनी आत जायला हरकत नाही."

मैत्रीचा हात धरून अण्णा आत गेले. आम्ही सगळे भिंतीशी ओळीने बसलो. साहेब आले, करीमचं ऐकून पोट धरधरून हसले, आणि आम्हाला माफही केलं. पण तोवर देऊळ बंद व्हायची वेळ झाली.

सगळ्यात शेवटी अण्णा बाहेर आले. डोळे ओले, चेहरा लहान मुलासारखा फुललेला. "जावईबापू, आत चिटपाखरू नव्हतं हो! खांबाला हात लावून उभा राहिलो, कुणी ढकललं नाही. इतका निवांतपणा कसा काय जमवलात तुम्ही?"

मी म्हणालो, "मी आहे ना, अण्णा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी करीमने राहिलेल्या सगळ्यांना पुन्हा नेऊन आणलं. ऑंटींनी पुष्कळ फोटो काढले. मी मात्र फोडांना मलम लावून हॉटेलात पडून होतो.

आता अण्णा येईल त्याला सांगतात, "आमच्या जावयांनी माझ्यासाठी आख्खं देऊळ रिकामं करून दिलं!" मग पाहुणे कौतुकाने माझ्याकडे वळतात. "वा! कसं आहे हो ते देऊळ?"

मी काय सांगणार? म्हणतो, "फरशी फार तापते!"