सदुसष्ट अंशांवरचे साडू

भांड्यांवर आमच्या साडूंइतका अविश्वास असलेला माणूस अख्ख्या नवी मुंबईत सापडणार नाही. न्हावा शेवाला थंड कंटेनरांची तापमानं तपासण्यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर ते घरी बिअर करायला लागले, तेव्हा तीच शंकेखोर नजर मेहुणीच्या स्वयंपाकघराकडे वळली. भरडलेलं बार्लीचं माल्ट गरम पाण्यात सदुसष्ट अंशांवर तासभर मुरवायचं आणि खालून गोड पाणी काढून घ्यायचं, एवढंच खरं तर पहिलं काम. पण त्यासाठी लायक भांडं जगात निघालेलंच नाही, असं त्यांचं ठाम मत. लग्नातल्या पाण्याच्या जारची तोटी त्यांना दोन बोटं वर वाटे. स्टीलच्या पातेल्याला रजई गुंडाळली, तर तासात आठ अंश उतरले आणि रजईला आठवडाभर माल्टचा वास. "आता मला नका गुंडाळू," एवढंच मेहुणी म्हणाली. "घ्या की तयार एखादं," असं मी एकदा बोलून गेलो आणि जेवण गार होईपर्यंत तोट्या आणि जाळ्या यांवर व्याख्यान ऐकत बसलो.

यंदा मात्र घाई होती. गणपती झाले की दोघं कायमची कॅनडाला मुलीकडे जाणार होती. "बाबा, टेन्शन नको, इथे सगळं रेडीमेड मिळतं," मुलगी फोनवर म्हणाली. फोन ठेवून साडू मला म्हणाले, "सगळं रेडीमेड मिळतं, तर मी तिथे करायचं काय?" जाण्याआधी इथे, आपल्या हातच्या भांड्यात, एकदा तरी पारा तासभर हलता कामा नये, हे त्यांनी मनावर घेतलं.

भांडं सापडलं दिवाळे गावच्या कोळीवाड्यात. पावसाळ्यात मासेमारी बंद, म्हणून आमच्या नेहमीच्या मासळीवाल्या मावशींचा जाड भिंतींचा बर्फाचा खोका रिकामा पडला होता. नारळी पौर्णिमेआधी परत करायच्या बोलीवर साडूंनी तो मागून आणला. चार दिवस लिंबू-सोड्याने घासला, आत गिझरच्या नळीवरची स्टीलची जाळी बसवली आणि उत्साहाच्या भरात तोटीसाठी तळाशी भोक पाडलं. खोका आपला नाही, हे भोक पाडून झाल्यावर आठवलं. पण पारा तासभर सदुसष्टावर बसून राहिला. साडू त्याच्याकडे नातवाकडे पाहावं तसे पाहत होते. तीन आठवड्यांनी ती बिअर मी प्यायलो. माशाचा वास नव्हता. फार सुरेख होती, हे मी नात्याला न जागता सांगतो.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं खोका परत करायला गेलो. माफीची वाक्यं साडूंनी वाटेत दोनदा म्हणून पाहिली. मावशींनी भोक पाहिलं, तोटी फिरवून पाहिली.

"बरा केलास काका! बर्फाचा पानी आता आपसूक जाईल. र्‍हाऊ दे तोटी." मग खोका हातगाडीवर चढवत म्हणाल्या, "फुडल्या पावसात ये, घेऊन जा परत."

"येतो की," साडू म्हणाले, आणि तोटीचं वायसर कधी बदलायचं, झाकण उन्हात का ठेवायचं नाही, हे मावशींना बारकाईने समजावत बसले. मी त्यांना निघायची घाई केली नाही.