गोठ्यातला चित्ता

त्या वर्षी बुळकांडीच्या साथीत आमचा गोठा रिकामा झाला. दोन्ही बैल, गाय, तिची कालवड, सगळी एकामागून एक गेली. माझे वडील कुसगावातले शेतकरी. पण बैलच नाहीत म्हटल्यावर ते लोणावळ्याच्या स्टेशनात मालधक्क्यावर हमालीला जाऊ लागले. मी तेव्हा माहेरीच होते. पहिलं बाळंतपण झालं, मुलगा झाला, आणि बारसं व्हायच्या आधीच तापानं गेला. घोरावाडीला सासरी निरोप धाडला होता, पण तिकडून मला न्यायला कुणी आलं नव्हतं. घरात त्या विषयावर कुणी चकार शब्द काढत नसे. आईनं मागून आणलेला पाळणा गुपचूप परत करून टाकला. माझ्यापुढे ताट ठेवताना ती दुसरीकडेच बघायची. मग मीही बोलणं सोडलं. व्हय, न्हाई, नको, एवढ्यावर माझा दिवस निघायचा.

भाताची कापणी, झोडपणी उरकली होती. थंडी चांगलीच पडली होती. एका दुपारी वडील आणि त्यांच्याबरोबरचे हमाल एक लाकडी पिंजरा वाशाला टांगून घेऊन आले. पिंजऱ्यावर गोणपाट टाकलेलं. मागून एक म्हातारा मुसलमान चालत होता. पांढरी दाढी, अंगात जुना लांब कोट, आणि काखेत स्वतःची वळकटी.

"गोठा मोकळाच हाय," वडील आईला म्हणाले. "चार दिस ऱ्हाईल आन जाईल."

"काय हाय त्यात?"

"चित्ता."

"वाघ घरात आनलात?" आई मागच्या मागे सरकली.

"वाघ नव्हं, बाई," म्हातारा म्हणाला. "आणि आता तर मांजरही नव्हं. उठत नाही तो."

दक्षिणेकडच्या एका संस्थानात हे म्हातारबाबा चित्तेवान होते. चित्ते पाळायचे, त्यांना शिकारीला तयार करायचं, हेच काम त्यांच्या वडलांनी केलं आणि आजोबांनीही. आपल्याकडे चित्ते मिळेनासे झाले होते, म्हणून आफ्रिकेतून बोटीनं मागवलेले दोन चित्ते आणायला त्यांना धाडलं होतं. एक बोटीवरच मेला. त्याला समुद्रात टाकावं लागलं. दुसरा मुंबईला उतरला, पण घाट चढताना बोगद्यांमधला धूर त्याला सोसला नाही. लोणावळ्याला, घाट चढवायला मागून लावलेलं इंजिन सोडत होते तेवढ्यात त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं, तर जनावरानं डोळे पांढरे केले होते. त्यांनी रेल्वेवाल्यांच्या हातापाया पडून पिंजरा खाली उतरवून घेतला. धक्क्यावर माझे वडील होते.

आम्ही त्यांना चाचाच म्हणायला लागलो. त्यांनी चित्त्याला बाजेवर निजवलं, गळ्यात पट्टा अडकवून दोर खुंट्याला बांधला, अंगावर आमची घोंगडी घातली. डोळ्यांवर कातडी टोपी होती, फक्त नाक आणि तोंड उघडं. अंगावर नुसती कातडी आणि हाडं. पाय मात्र लांबच लांब, बाजेच्या बाहेर लोंबत होते.

गाव बघायला लोटलं. मळवलीहून मामा आले, टांगेवाले आले, बंगल्यांवरचे माळी आले. दाराशी उभं राहून सगळे एकच विचारायचे, हा पळतो किती?

"जमिनीवर याच्यापुढे कुणी नाही," चाचा सांगायचे. "घोडा नाही, हरीण नाही. हवेत बहिरी ससाणा. तोही मी हातावर बसवलाय. वरून पडतो तेव्हा दिसत नाही, नुसता आवाज येतो. आणि पाण्यातला मी या बोटीवर पाह्यला. पाठीवर शिडासारखा पंखा असलेला मासा. आमच्या बोटीपुढनं असा गेला, की बोट उभी आहे असं वाटलं."

"आन ह्यो?" एक टांगेवाला हसून म्हणाला. "ह्यो तर माझ्या म्हाताऱ्या घोड्याला बी हरंल."

लोक हसले. चाचांना ते लागलं. त्यांनी लाकडी पळीत मांसाचा बारीक तुकडा घेतला आणि चित्त्याच्या नाकाशी धरला. त्यानं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी मी गोठ्याच्या कोपऱ्यातून गोवऱ्या काढत होते. चाचा म्हणाले, "बेटी, तू जरा याच्यापाशी बसशील?"

मी मान हलवली, नाही म्हणून.

"काही करत नाही तो. याला माणसाच्या आवाजाची भीती बसलीय. आमच्या तिथं नवा चित्ता आला की बायकांना बसवतात बाजेपाशी. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बोलायचं. बायकांचा आवाज त्याला बरा वाटतो. मग खायला लागतो."

"काय बोलायचं?"

"काय पण बोल. त्याला कुठं मराठी येतंय? फक्त थांबू नको."

मी बसले. मग गोवऱ्या थापण्याबद्दल बोलले. त्या दिवशी चुलीवर काय शिजलं होतं ते सांगितलं. आमच्या गाईचा रंग, कालवडीच्या कपाळावरचा टिळा, त्या कशा तोंडाला फेस येऊन गेल्या, ते सांगितलं. चित्त्याचे कान हलायला लागले. एक कान माझ्याकडे वळायचा, आणि मी श्वास घ्यायला थांबले की परत मिटायचा.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी, चाचा लोणावळ्याला मांस आणायला गेले असताना, मी त्याला माझ्या मुलाबद्दल सांगितलं. ठरवून नाही. बोलता बोलता तिकडे गेले आणि मग थांबताच येईना. त्याला आंघोळ घालताना पाणी किती ऊन आहे ते मी कोपरानं कसं बघायचे, तेल पहिल्यांदा टाळूवर, मग छातीवर. तो रडायचा कसा. शेवटच्या दिवशी रडलाच नाही ते. अंग इतकं तापलं होतं की माझ्या दंडाला चटका बसत होता, आणि आई म्हणत होती, पदर काढ, वारा लागू दे. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

तेवढ्यात पाखराच्या पिल्लासारखा बारीक आवाज आला. मला वाटलं आढ्यात चिमण्या आहेत. वर बघितलं, काही नाही. आवाज चित्त्याचा होता. एवढं मोठं जनावर, आणि चिवचिवत होतं.

चाचा आल्यावर त्यांना सांगितलं, तर ते बाजेपाशी खालीच बसले. "हाक मारतोय," म्हणाले. "आईला मारतात तशी."

त्या संध्याकाळी त्यानं पळीतलं मांस खाल्लं.

मग रोज तेच. मी बोलायची, तो खायचा. मी मानेवर हात ठेवला की छातीत घरघर सुरू व्हायची, जातं फिरल्यासारखी. आई दाराबाहेरून जायची यायची, थबकायची, पण आत येत नव्हती. चाचा दोर धरून चित्त्याला अंगणात चालवायला लागले. पहिल्यांदा तो दारुड्यासारखा झोकांड्या खायचा. हळूहळू पाय नीट पडायला लागले. संस्थानातून तार आली होती, जनावर घेऊन लवकर निघा. चाचा काळजीत होते.

"लंगडा नेला तर मला दारात उभं करणार नाहीत," ते वडलांना म्हणाले. "एकदा मोकळ्या रानात चालवून बघतो. पाय मोकळे झाले तर उद्याच्या गाडीनं निघेन."

"आमच्या खाचरात चला की," वडील म्हणाले. "भात निघालंय. सपाट हाय."

सकाळची कोवळी उन्हं होती. गावातली माणसं बांधाबांधावर येऊन बसली होती. तो टांगेवालाही होता. मीही गेले, कारण माझा आवाज नसला की तो बिचकायचा. चाचांनी लांब दोर पट्ट्याला बांधला, टोक हाताला दोन वेढे देऊन धरलं, आणि डोळ्यांवरची टोपी काढली. मोकळ्यावर त्याचे डोळे मी पहिल्यांदाच पाहिले. पिवळे. तो आमच्यापैकी कुणाकडेच बघत नव्हता. लांब, डोंगराच्या कडेकडे बघत होता.

खाचराच्या मध्यावर तो आला आणि पुढच्या बांधाच्या गवतातून ससा उठला.

त्यानंतर काय झालं ते नीट सांगता येत नाही, कारण ते दिसलंच नाही. चाचा तोंडावर आपटले. दोर त्यांच्या तळहातांची सालं घेऊन गेला. चित्ता जिथे होता तिथे नव्हता. पहिल्या बांधावर एक ठिपक्यांची रेघ दिसली, ती दुसऱ्या बांधापलीकडे गेली. त्याचे पाय जमिनीला लागल्याचा आवाजच आला नाही. बसलेली माणसं नकळत उभी राहिली. कुणीतरी "आयला!" म्हणालं. मला आठवतंय, त्या क्षणी मला हसू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

तिसऱ्या बांधाखाली आमचं खाचर एकदम खाली उतरतं. तिथे ओल धरून राहते आणि खेकडे बांध पोखरून ठेवतात. ससा गेला. चित्ता उतरला आणि त्याचा पुढचा पाय बिळात गेला.

आम्ही धावत पोचलो तेव्हा तो उठायचा प्रयत्न करत होता. पाय गुडघ्याखाली भलतीकडे वळला होता आणि कातडीतून हाड बाहेर आलं होतं. तो ओरडत नव्हता. धापा टाकत होता, आणि तीच बारीक चिवचिव करत होता.

चाचांनी त्याच्यावर कोट टाकला, टोपी चढवली, मग पायावरून हात फिरवला. त्यांच्या तळहातांचं रक्त त्याच्या पायाला लागत होतं.

"बांधून बघू," वडील म्हणाले. "बैलाचा पाय बांधतो की आपन."

"बैल लंगडत चरतो, भाऊ. याला पळण्याशिवाय दुसरं काय येतं?"

"मंग?"

चाचांनी चित्त्याच्या मानेखाली हात घातला. मग माणसांकडे बघून म्हणाले, "सगळे जा इथून." माणसं गेली. टांगेवाला खाली मान घालून सगळ्यात आधी निघाला. मीही वळले.

"बेटी, तू थांब. डोक्याशी बस. बोल त्याच्याशी."

"काय बोलू?"

"रोज बोलतीस ते."

मी बसले. वडलांनी मागचे पाय धरले. चाचांनी कमरेची सुरी काढली; मी तिकडे बघितलं नाही. मी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि आंघोळीचं सांगायला लागले. पाणी कोपरानं बघायचं. तेल पहिल्यांदा टाळूवर. मग छातीवर, मग पाय ओढून सरळ करायचे, एक एक. कान माझ्याकडे वळला. मी बोलत राहिले. माझ्या गुडघ्यांना काहीतरी ऊन ऊन लागलं, तरी बोलत राहिले. चाचांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा कळलं की आता थांबायचं.

कातडं त्यांनी स्वतः काढलं. ते नेलं नसतं, तर संस्थानात जनावर वाटेत विकलं असं म्हणाले असते. वडलांनी मदत केली. बाकीचं धड त्याच खाचरात, खालच्या बांधाशी, खोल पुरलं. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं चाचा गेले. हातांना चिंध्या बांधलेल्या, काखेत वळकटी, त्यात मिठानं चोळलेलं कातडं. माझ्या डोक्यावर त्यांनी मनगट टेकवलं, तळहात टेकवता येत नव्हता म्हणून.

त्या दिवशी दुपारी मी गोठा झाडत होते. आई आत आली आणि रिकाम्या बाजेच्या कडेला बसली.

"त्येला काय सांगत व्हतीस गं रोज?"

मी झाडत राहिले.

"मी ऐकलंय थोडं," ती म्हणाली. "भायेरनं. मला बी सांग."

मी केरसुणी खाली ठेवली, तिच्याजवळ बसले आणि तोंड उघडलं. पण काहीच आलं नाही. आई वाट बघत होती. मग तिनं माझं डोकं मांडीवर ओढून घेतलं आणि ती एकटीच रडली. मला रडूही आलं नाही.

माघात सासऱ्यांनी मला न्यायला माणूस पाठवला. मी घोरावाडीला गेले, पुढे मुलं झाली, त्यांतली दोन जगली. वडलांनी त्याच वर्षीच्या पावसाळ्यात भाऊबंदांचे बैल मागून ते खाचर नांगरलं. खालच्या बांधाशी ते नांगर उचलून धरायचे, असं आईनं सांगितलं.

चाचांना नोकरीवर परत घेतलं नाही. काही वर्षांनी वडलांना ते पुण्यात घोड्यांच्या पागेत दिसले, दाणा भिजवत बसलेले. दोघं पागेबाहेरच्या टपरीवर गेले.

"काय म्हणाले?" मी वडलांना विचारलं.

"च्या घेतला दोघांनी," वडील म्हणाले. "पावसापान्याचं बोललो. जनावराचा इषय कुनी काढला न्हाई."