यल्लाप्पा कंपाउंडरचं माप

यल्लाप्पा मगदूम अठरा वर्षं कंपाउंडर होता, आणि डी.फार्मसीला तो नापास झाला तो नेमका औषध बनवण्याच्या प्रात्यक्षिकात. रसायनशास्त्रात उडाला असता तर कुणी काही म्हटलं नसतं.

गडहिंग्लजात बारावी सायन्स कशीबशी काढून तो अठ्ठ्याहत्तर साली कोल्हापुरात आला आणि शनिवार पेठेत एका डॉक्टरांच्या दवाखान्यात चिकटला. सगळी पेठ डॉक्टरांना आण्णा म्हणायची. आण्णा आत नाडी बघायचे, चिठ्ठीवर दोन आकडे टाकायचे. बाहेर यल्लाप्पा मोठ्या बरणीतलं गुलाबी नाहीतर पिवळं औषध पेशंटच्या बाटलीत ओतायचा, कागदाची दातेरी पट्टी डिंकानं चिकटवायचा आणि सांगायचा, "एक दात सकाळी, एक दात रातच्याला." मापाचा ग्लास फळीवर धूळ खात पडलेला. "यल्लाप्पाच्या हातातच काटा हाय," असं लोक म्हणायचे आणि त्याची मान वीतभर वर जायची.

शहाण्णव साली आण्णांची नजर गेली. दवाखाना मिटवायच्या आधी त्यांनी पेठ वडगावच्या एका धर्मादाय दवाखान्यात शब्द टाकला, औषधाच्या खिडकीवर हा माणूस घ्या म्हणून. मग यल्लाप्पाला समोर बसवलं.

"कंपाउंडरचं दिवस संपलं गड्या. रजिस्टरला नाव लागलं तरच तुला आता कोण औषधाला हात लावू देईल. बारावी झालीया, जा कॉलेजात."

"ह्या वयात, आण्णा?"

"मग कवा? माझ्या वयात?"

पहिल्या दिवशी तो वर्गात शिरला तर पोरं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, सर आले. मागच्या बाकावर जाऊन बसला तेव्हा जो हशा पिकला, त्यातच त्याचा मामा झाला. गगनबावड्याची मनाली त्याच्या शेजारी बसायची. ती त्याला रसायनं समजावून सांगायची, तो तिला पावडरीच्या पुड्या बांधायला शिकवायचा. वर्ष सरता सरता सगळा वर्ग त्याच्यासारख्या पुड्या बांधू लागला. घरी बायको, मीनाबाई, कॉलेजच्या पोरांना जेवणाचे डबे करून संसार ओढत होती. भाकरी थापता थापता शेजारणीला सांगायची, "आमचं हे साळंत गेल्यात. आल्यावर बोलवतो."

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात दुसऱ्या वर्षाचं प्रात्यक्षिक आलं. नव्वद मिलिलिटर मिक्श्चर बनवायचं होतं. यल्लाप्पानं ते इतरांच्या निम्म्या वेळात बनवलं, बाटली पुसून टेबलावर ठेवली आणि हात बांधून उभा राहिला. बाहेरून आलेले परीक्षक इंगवले सर जवळ आले. त्यांनी बाटलीकडं बघितलंच नाही. काचेचं मापाचं नळकांडं उचललं आणि उजेडात धरलं.

"हे कोरडं कसं?"

"लागलं न्हाय, सर."

सरांनी बाटलीतलं औषध त्यात ओतलं. बरोबर नव्वद. पोरं एकमेकांना कोपरं मारायला लागली.

"माप बरोबर आलंय," सर म्हणाले. "पण तुम्ही मापलं कुठं?"

"अठरा वर्सं ह्योच धंदा केलाय, सर."

"उद्या तुम्हाला ताप आला, हात हलला, तर त्या दिवशीच्या पेशंटनं काय करायचं?"

आणि त्यांनी नापास केलं.

"लोकं नदीत बुडत्यात," मीनाबाई म्हणाली, "तुम्ही आंघुळीच्या बादलीत बुडलासा." तो हसला नाही. वडगावच्या ट्रस्टनं दिवाळीपर्यंत जागा धरली होती. आण्णांनी पुन्हा निरोप धाडला, तेव्हा ट्रस्टनं येत्या जूनपर्यंत थांबायचं कबूल केलं. पुढं नाही. म्हणजे नोव्हेंबरची फेरपरीक्षा हुकली की जागाही हुकली. तरी यल्लाप्पा सराव करीना. मास्तरानं डूख धरला, एवढंच घोकत बसला.

एका रविवारी मनाली घरी आली. ती पास होऊन एका दवाखान्यात उमेदवारीचे तास भरत होती. तिनं पिशवीतून नळकांडं काढलं, मीनाबाईकडून पाण्याची कळशी मागून घेतली.

"मामा, दहा डाव ओता. पंधरा मिलिलिटर. मी मोजतो."

"माझी परीक्षा घेतीस व्हय गं?"

"घेतो की. भ्याला काय?"

भ्याला म्हटल्यावर तो बसला. आठ वेळा पंधरा आलं, रेघेला रेघ. एकदा तेरा. आणि एकदा, मीनाबाईनं मागून काहीतरी विचारलं म्हणून असेल, बावीस.

यल्लाप्पा त्या बावीसच्या रेघेकडं बघत राहिला. दहात दोन. दिवसाला साठ-सत्तर बाटल्या, अशी अठरा वर्षं. त्यात तान्ह्या पोरांच्याही बाटल्या होत्या. औषधं साधी होती, खोकल्याची, पोटाची, म्हणून निभावलं. कुणाचं काही झालं असतं तर त्याला कळलंसुद्धा नसतं, लोक तरीही हाताची तारीफच करत राहिले असते.

"ठेव जा ते हितंच," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून घरात चहासुद्धा मापून होऊ लागला. मीनाबाई वैतागली, पण तिनं कळशी भरून द्यायची कधी चुकवली नाही.

नोव्हेंबरात सगळ्यांच्या शेवटी त्याची बाटली तयार झाली. नळकांडं ओलं होतं. पास झाला. मग तीन महिने दवाखान्यात उमेदवारी केली, आणि नव्व्याण्णवच्या जूनमध्ये, ट्रस्टची मुदत संपायला आठवडा असताना, पोस्टानं सर्टिफिकेट आलं. रजिस्टर्ड फार्मासिस्ट, यल्लाप्पा मगदूम.

आण्णांच्या पाया पडून झाल्यावर तो पेढे आणि सर्टिफिकेट घेऊन राजारामपुरीत इंगवले सरांच्या दारात गेला. सरांनी चष्मा वर केला.

"कुठले मगदूम?"

"तुम्ही मला नापास केलतं, सर. नळकांडं कोरडं होतं."

"असे पुष्कळ असतात हो."

त्यांना खरंच आठवेना. यल्लाप्पाला त्याचं वाईट वाटलं नाही. त्यानं दहातल्या दोन बाटल्यांची गोष्ट सांगितली. म्हणाला, "तुमी पास केलं असतं तर मी वडगावात जाऊन तेच केलं असतं. उपकार झालं तुमचं." सर बराच वेळ सर्टिफिकेट वाचत राहिले, छापील अक्षरंसुद्धा.

तेवढ्यात सरांच्या बायकोनं, शालूबाईंनी, चहा आणला आणि बशीशेजारी गोळ्यांचं एक पाकीट ठेवलं. "औषधवालं पावणं हायसा न्हवं? मग ह्यांच्या बीपीच्या गोळ्या बघा जरा. हे सांगत्यात सगळं बरोबर हाय."

यल्लाप्पानं पाकीट खिडकीकडं नेलं, मागची बारीक अक्षरं दोनदा वाचली.

"वैनी, ह्येची तारीख मार्चात संपलीया."

सर पेढा हातात धरून तसेच बसले. "अहो, दोन-तीन महिन्यांनी काय होतंय?" ते म्हणाले.

"मला म्हाईत न्हाय, सर. म्हणूनच घ्यायची न्हाय," यल्लाप्पा म्हणाला आणि पायात चपला सरकवल्या. "कोपऱ्यावरच्या दुकानातनं नवं आणतो. पर डाक्टरची चिठ्ठी द्या आधी."

शालूबाई हसू लपवायला तोंडाला पदर लावून कपाटातली चिठ्ठी शोधायला लागल्या.