राघूची नखं

ह्यांना मी आजवर सगळं सांगत आले. माहेरी काय बिनसलं, दूधवाल्याशी का भांडले, कुठलं लुगडं न विचारता घेतलं — सगळं. एवढं एक सोडून. देवापुढे हात जोडले तरी हा भाग मी उद्यावर ढकलते. आज तुम्ही ऐका. मात्र मध्ये थांबवू नका, नाहीतर मी पुन्हा दूधवाल्यावर जाईन.

माझं सासर रत्नागिरीचं, बंदराच्या वरच्या अंगाला. पडवीत उभं राहिलं की मुंबईची बोट समुद्रात लांब नांगरलेली दिसे. घरात सासूबाई आणि आत्याबाई. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. परकर नेसायच्या वयात विधवा होऊन माहेरी आल्या त्या कायमच्याच. सासरे मी येण्याआधी वारलेले, आणि हे मुंबईला कारकून. म्हणजे नवरा मुंबईला आणि मी इथे. कोकणातल्या सुनेला यात काय नवल?

आणि एक राघू होता. वादळात माडाच्या ढोलीतून पडलेलं पिल्लू आत्याबाईंनी वाढवलं होतं. त्यांचं स्वतःचं असं त्या घरात तेवढंच. राघू बोलायचा, पण आत्याबाईंचा मऊ आवाज त्याला कधी साधला नाही. त्याने उचलला सासूबाईंचा. 'इंदे, पाणी!' 'इंदे, कुठे गेलीस?' सासूबाई निजल्या तरी माझी सुटका नव्हती.

पिंजऱ्यातल्या पोपटाची नखं वाढतात हे तुम्हाला माहीत आहे का? मला नव्हतं. रानात ती फांद्यांवर घासून झिजतात. आत्याबाईंनी पेरूची खडबडीत फांदी आत बसवली होती, पण राघू झाला होता म्हातारा. बसला की बसला. नखं वळून पायाखाली यायची, आत्याबाईंच्या लुगड्यात अडकायची. आधी ती त्या स्वतःच काढत. मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि ते काम माझ्याकडे आलं.

त्यांनी मला शिकवलं, आणि चांगलं शिकवलं. सकाळचं ऊन पडवीत आलं की राघूला मऊ पंच्यात सैलसा गुंडाळून त्या धरायच्या — दोन बोटं गालांपाशी, बाकी हात नुसता आधाराला. मी एकेक नख उन्हासमोर धरायची. आत लाल रेघ दिसते, ती जिवंत नस. तिच्या बरंच अलीकडे, नुसतं टोक, सुपारीच्या छोट्या अडकित्त्याने कापायचं. चुकून रक्त आलंच तर दाबायला वाटीत तुरटीची पूड. सगळी नखं एका दिवसात काढायचा हट्ट नाही. तो दमला की सोडून द्यायचा. आणि दर खेपेला त्या एकच गोष्ट पुन्हा सांगत. "छातीवर दाब नको हो. छाती हलली नाही तर त्याला श्वास घेता येत नाही."

मी हे सगळं नीट शिकले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दुसऱ्या वर्षी वैशाखात हे मला न्यायला आले. गिरगावात खोली मिळाली होती. माझी ट्रंक भरून ओटीवर आली, आणि सासूबाई म्हणाल्या की वन्संना दिसत नाही, त्यांचं आणि त्या राघूचं कोण बघणार, पावसाळा होऊ दे, मग बघू. आईपुढे तोंड उघडणारा नवरा काही माझ्या नशिबी नव्हता. आत्याबाई काय म्हणाल्या? त्यांना विचारलं कुणी!

पावसाळ्यात बोटी बंद. घाट चढून, कोल्हापूर गाठून आगगाडीने जाणारे जात. पण एकट्या सुनेला कोण सोडणार? म्हणजे पुन्हा सगळा पावसाळा तीच पडवी, तोच पिंजरा. आणि पावसाळ्यानंतर तरी काय? आत्याबाईंचे डोळे का परत येणार होते?

हे निघाले. सासूबाई त्यांना पोचवायला बंदरावर गेल्या, आत्याबाई देवळात. मी पडवीत उभी होते. उतारूंना किनाऱ्यावरून नेणारा पडाव बोटीला लागलेला दिसला. मग बोटीचा भोंगा झाला, आणि पाठीमागून सासूबाईंचा आवाज आला — 'इंदे, कुठे गेलीस?'

मी पिंजऱ्यात हात घातला. पंचा नव्हता. बोटं गालांपाशी नव्हती. त्याची छाती माझ्या मुठीत होती. मला समजत नव्हतं म्हणू? मला सगळं समजत होतं. त्या घरात माझ्याइतकं ते आत्याबाईंशिवाय कुणालाच समजत नव्हतं. तो गप्प होईपर्यंत मी मूठ सोडली नाही.

सोडला तेव्हा जिवंत होता. पिंजऱ्याच्या तळाशी बसला, चोच उघडी, श्वासाबरोबर शेपूट खालीवर होत होतं. पण मला सांगायचंय ते हे नाही. एवढंच असतं तर ह्यांना केव्हाच सांगून टाकलं असतं — रागाच्या भरात झालं, रडले असते, संपलं असतं.

आत्याबाई देवळातून आल्या. आदल्या दिवशी राघूचं नख पुन्हा लुगड्यात अडकलं होतं. त्या म्हणाल्या, ऊन आहे तोवर नखं उरकू. 'आज नको' एवढं मला म्हणता आलं नसतं का? मी अडकित्ता आणला. पंचा दिला. तुरटीची वाटीसुद्धा आणून ठेवली. कारण पिंजऱ्याकडे बघतानाच मला कळलं होतं की हा आता जाणार. आणि जायचाच आहे तर — माझ्या हातात कशाला?

हा विचार मी केला. स्वच्छ केला. तोपर्यंत माझा राग उतरलासुद्धा होता.

आज कसा शहाण्यासारखा येतो, असं म्हणत त्यांनी त्याला उचललं. मी पहिलं नख उन्हासमोर धरलं, तेवढ्यात त्याच्या बोटांची पकड सुटली. तरी मी ते टोक कापलं. मेलेल्या राघूचं नख मी बेतानं, नस सांभाळून कापलं.

थोड्या वेळाने त्यांनी पंचा चाचपला.

"इंदे, हा हलत नाही गो." मग म्हणाल्या, "माझ्याच हातून दाबला गेला काय?"

मी म्हटलं, "जरा घट्ट धरलात तुम्ही, आत्याबाई."

त्या रडल्या नाहीत. पंचा मांडीवर तसाच ठेवून दोन्ही हात डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिल्या. बंदरावरून आलेल्या सासूबाई म्हणाल्या, दिसत नाही तर हट्ट कशाला करायचा. पेरूच्या मुळाशी मीच खड्डा खणला.

नारळी पौर्णिमा झाली, बोटी सुरू झाल्या. घरच्या कुठल्याच गोष्टीत न बोलणाऱ्या आत्याबाई आपण होऊन सासूबाईंना म्हणाल्या की हिला आता धाडा, हिला अडकवून ठेवण्यासारखं इथे काय उरलंय. मी मुंबईला आले. खोटं कशाला बोलू, बोट हलली तेव्हा मला आनंद झाला.

पुढे मुलगा झाला. पहिल्या गणपतीला त्याला घेऊन गेले. आत्याबाईंनी चाचपत चाचपत त्याच्यासाठी दुपटी शिवून ठेवली होती, टाके वेडेवाकडे. दुपारची वेळ, पडवीत आम्ही दोघीच. मी बाळाला त्यांच्या मांडीवर ठेवायला वाकले, तशा त्या मागे सरल्या आणि हात पदराखाली घेतले.

"नको गो. माझ्या हातांना दाब कळत नाही."

पेरूचं झाड समोर होतं. ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. मला काय अडचण होती? मी बाळाला उचलून खांद्यावर घेतलं. त्याने स्वतःच्या गालावर ओरखडे काढले होते, ते तेवढ्या जवळून त्यांनाही दिसले असावेत. म्हणाल्या, निजला असताना त्याची नखं काढ. आणि म्हणाल्या, "तुझा हात हलका आहे."

त्यानंतर बरीच वर्षं त्या होत्या. दर गणपतीला आम्ही जायचो. मुलगा चालू लागला, त्यांच्याकडे धावायचा, पदर ओढायचा. त्या हसायच्या, त्याच्याशी गोड बोलायच्या, पण हात बाहेर काढायच्या नाहीत. त्याला एकदाही जवळ न घेता त्या गेल्या.

मुलगा आता हायस्कुलात जातो. त्याला त्या तशाच आठवतात, हात पदराखाली घेऊन बसलेल्या. मध्यंतरी त्याने मला विचारलं, आत्याआजीचे हात दुखायचे का?

मी हो म्हटलं.