थंड नळीची पहिली गोळी

माझे मामा धोंडू दळवी लष्करातून परतले ते एक शिकारी रायफल आणि एक हट्ट घेऊन: नेम चुकला तर दोष माणसाचा, बंदुकीचा नव्हे. दोडामार्गाकडे, डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं गाव. पीक राखायला बंदूक ठेवायचा परवाना गावात त्यांच्याच नावे.

१९५८च्या डिसेंबरात कॉलेजच्या सुट्टीत मी तिथे गेले, तर मामा ओसरीवर स्वतःचे हात न्याहाळत बसलेले. रताळ्यांचा मळा उकरणारं रानडुक्कर दोनदा समोर येऊन सुटलं होतं. दोन्ही वेळा गोळी त्याच्या पोटाखालून मातीत.

"हात थरथरतत तुमचे," यमुनामामी आतून म्हणाली. "बंदूक देवन टाका शेजारच्या लवूक."

"देतंय," मामा इतक्या सहज म्हणाले की मामीच चपापली.

मला ते बघवेना. "बंदुकीचा नेम शेवटचा कधी तपासलात?"

"मे म्हयन्यात. दरवर्सासारखो. सगळो गाव बघूक येता."

तिथेच तर चूक होती! मे महिन्यात शेतं मोकळी, म्हणून हा सोहळा भर दुपारी, कातळावर. रायफल तासभर उन्हात, मग लागोपाठ पाच गोळ्या. नळीला बोट लावलं तर फोड यावा. डुक्कर मात्र येतं धुक्यातल्या सकाळी, आणि मिळते ती एकच गोळी, गार नळीतली. लोखंड तापलं की पसरतं, दस्त्याच्या लाकडाला टेकून किंचित वाकतं. काडतुसातली गरम दारूही जास्त जोर धरते, गोळी वर जाते; गार नळीतली मग खाली पडणारच.

"मामा, तुमचा नेम तापल्या बंदुकीचा आहे. गारठ्यात तपासा. रोज सकाळी एकच गोळी."

"बाय, पाचच काडतुसां उरली माजी."

"मग चार झाडा. आणि हे हात बघत बसणं सोडा!"

त्या चार सकाळी अजूनही मला झोपेत पाहिल्यासारख्या वाटतात. सुपारीची झाडं बुंध्यावाचून तरंगायची. धुकं विरून दीडशे पावलांवर उभी केलेली, काळी खूण काढलेली फळी दिसेपर्यंत आम्ही गवतात पडून राहायचो. मामांचा श्वास वाफ होऊन त्या पांढऱ्यात मिसळायचा. मग एकच आवाज. डोंगर तो सावकाश परत करायचा, आणि पुन्हा दवाची टपटप.

चौथ्या दिवशी फळीपाशी गेलो. चारही भोकं काळ्या खुणेच्या वीतभर खाली, पण एका विड्याच्या पानाखाली झाकतील इतकी जवळजवळ.

मामांनी त्यांवर तळवा ठेवला.

"हात खंय थरथरलो गो?" ते फळीकडे बघतच म्हणाले, आणि दवात बसकण मारून हसत सुटले.

दोनच दिवसांनी डुक्कर आलं. मामांनी नेम वीतभर वर धरला. पाचवी गोळी. डुक्कर जागच्या जागी आडवं झालं.

"काका, पडलो! पडलो!" लवू मळ्यातून ओरडला. "बंदूक रवांदे तुमच्याकडेच!"

मामा उठले नाहीत. रायफलीला गाल टेकून, डोळे मिटून, धूर धुक्यात विरेपर्यंत तसेच पडून राहिले.